समाधीची खोली

"मावशी, किनाऱ्यावरची सगळी संग्रहालयं, सगळी फुटकी जहाजं मी दाखवतो. तू नुसती माझ्यामागे चाल," असं छाती ठोकून सांगणारा भाचा धंद्याने चष्मेवाला. गावाची नजर सुधारणारा. मावशीला मात्र एकच जहाज पाहायचं होतं. तिचा धाकटा भाऊ त्यावर आचारी होता आणि जहाजासकट गेला. ना देह सापडला, ना निरोप झाला. त्याचा निरोप घेतल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, एवढाच तिचा हट्ट.

शेवटच्या संग्रहालयात पहारेकरी म्हणाला, "या खोलीत जलसमाधी मिळालेली जहाजं आहेत."

'समाधी' कानी पडताच मावशीने दाराशीच चपला काढल्या. "समाधीपुढे बूट घालून जातोस, शहाण्या?" भाच्याने बूट काढले. मागच्यांना वाटलं, नियमच असेल. बघता बघता दाराशी ढीग लागला, आणि त्यात खुद्द पहारेकऱ्याचेही बूट!

भाच्याने घाईघाईत पाटी वाचली आणि सर्वांत मोठ्या प्रतिकृतीकडे बोट दाखवलं. "हेच मामाचं."

मावशी काचेपुढे बसली. टाळी धरून देवाचं नाव घेऊ लागली. आवाज म्हातारा, पण सूर असा आतून आलेला की परकी माणसंही एकेक करून खाली टेकली. "जा बाबा आता, देव आहे तिकडे," असं तिने गाण्यातच भावाला म्हटलं, तेव्हा खोलीत कोणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत.

पहारेकरी भाच्याच्या कानाशी लागला. "बाई कोणासाठी गातायत?"

"मामासाठी. या जहाजाबरोबर बुडाला."

"हे कुठे बुडालंय? हे तुलनेसाठी ठेवलंय. पलीकडच्या बंदरात याचं हॉटेल झालंय. पाटी शेजारच्याची."

शेजारी वीतभर जहाज. चष्मेवाल्याच्या पायाखालची फरशी सरकली. सांगावं तर मावशीचं काळीज फाटणार, न सांगावं तर मामा बिननिरोपाचा. शेवटी तो तिच्याजवळ टेकला.

"मावशी, जहाज चुकलं गं. मीच चुकलो."

मावशी त्या वीतभर जहाजाकडे पाहत राहिली. "एवढंसं होतं होय रे? आणि एवढ्या समुद्रात धाडलं आम्ही त्याला."

मग ती बसल्या बसल्याच तिकडे सरकली. तिच्यामागे सगळी खोली सरकली.

"पहिल्यापासून म्हणते," ती भाच्याला म्हणाली. "तू मागे साथ धर. पण नुसता आ लाव. शब्द चुकवशील."