काशिनाथभाऊंचा नंबर

काशिनाथभाऊंना नुसतं उत्तर देऊन भागत नाही. उत्तरासोबत नंबर द्यावा लागतो.

भाऊ आमचे शेजारी, मूळचे औंढ्याचे. उभा जन्म रेल्वे फाटकावर गेटमन. स्टेशनमास्तरांचा फोन आला की निरोप शब्दन्‌शब्द परत म्हणायचा, फाटक लावायचं, मग दोन आकडी प्रायव्हेट नंबर सांगून वहीत लिहायचा. नंबर पोचला म्हणजे गाडी सोडायला हरकत नाही. आता निवृत्त झालेत, पण भाजीवाला ‘उद्या मेथी आणतो’ म्हणाला तरी त्याच्याकडून नंबर घेतात.

मुलांनो, हे गृहस्थ दिवाळीपासून मोबाइलवर फ्रेंच शिकताहेत. मी कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच घेतलं होतं, हे एकदा बोलून बसले. तेव्हापासून रोज सकाळी सातला, चहा गाळायच्या आत, दारात वही हजर.

“बाई, टेबल बाईमाणूस कसं?”

“असतं तसं. आपली नाही का खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’?”

“ते कुनी ठरावलं?”

“ठाऊक नाही.”

“नंबर द्या.”

“ठाऊक नसल्याचा?”

“व्हय. लिवून ठेवतो.”

सत्तावीस दिला. चहा निवला.

मग, फ्रेंचमध्ये एका वाक्यात ‘नाही’ दोनदा कशाला? तीन दिवस समजावून मी थकले. शेवटी म्हटलं, “क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना फाटक लागतं.”

“आसं सांगा की. येकच बाजू लावली तर ढोरं घुसत्यात.”

गेल्या आठवड्यात मात्र ते दारातच घुटमळले. “बाई, पाच वर्सांच्या पोरीला तू म्हनायचं का तुमी?”

“ओळखीच्यांना तू. परक्यांना तुम्ही.”

“मंग तुमीच म्हनावं लागंल.”

त्यांच्या लेकाचा संसार फ्रान्समध्ये. नात तिथेच जन्मली, तिला मराठी येत नाही. आजवर लेक मधे बसून दोघांचं बोलणं पोचवायचा. रविवारी पहिल्यांदाच भाऊ एकटे बोलणार होते.

“नातीला तूच म्हणतात, भाऊ.”

“नंबर?”

“चौदा.”

भाऊंच्या घरी नेटवर्क धड नाही, म्हणून फोन माझ्याच टेबलावर लावला. नात दिसली आणि भाऊंची पाठ केलेली सगळी वाक्यं पळाली. ती काहीतरी म्हणाली. भाऊंनी, जुन्या सवयीने, शब्दन्‌शब्द परत म्हटलं. ती हसली. आणखी बोलली, त्यांनी तेही म्हटलं. पाव तास हेच. शेवटी त्यांनी फ्रेंचमध्ये एक आकडा मागितला, तेवढं त्यांना आठवलं. ती म्हणाली, सात. भाऊंनी वहीत शून्य सात लिहिलं.

“काय म्हणाली, कळलं?” मी विचारलं.

“न्हाई. पन पोचलं. नंबर आला न्हवं?”

दुसऱ्या दिवशी सातला कुणी आलं नाही. चहा गरम मिळाला. तो पिताना मी दोनदा दाराकडे पाहिलं.

फोन ठेवताना तुम्ही नुसतं ‘बाय आजी’ म्हणता. यापुढे एक नंबरही सांगत जा. मी वही आणून ठेवली आहे.