उंब्रज शाखेचे दर्यासारंग

आमच्या कांबळेसाहेबांना चहा द्यायचा तर कप निम्माच भरावा लागे. काठोकाठ भरलेला कप समोर आला की ते खुर्ची मागे सरकवत आणि टेबलावर कुणी साप सोडल्यासारखे त्याच्याकडे बघत. मग शांतपणे म्हणत, "समुद्र सांगून हालत न्हाई."

उंब्रजला समुद्र कुठला? बँकेच्या दारातून दिसायचा तो हमरस्ता आणि त्यावरून डुलत जाणारे उसाचे ट्रॅक्टर. पण साहेबांनी तरुणपणची पंधरा वर्षं नौदलात काढली होती. नंतर माजी सैनिक म्हणून बँकेत कारकून झाले आणि चढत चढत शाखाधिकारी. नोकरी बदलली तरी जमिनीवर त्यांचा भरवसा बसला नाही तो नाहीच. काउंटरपाशी उभे राहिले तरी पाय फाकवून उभे राहत. चहावाला हणमंत त्यांना पुरता ओळखून होता. तो आधी निम्मा कप आणी आणि जरा वेळानं उरलेला निम्मा.

नव्वदच्या दशकात मी साताऱ्याहून रोज एसटीनं त्या शाखेत जात असे. नोकरी नवी होती. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला विचारलं, "शिंदेबाई, पवायला येतंय का?"

पोहता येत नाही, मी म्हणाले.

"मग शिकून घ्या. बँकेत काय लागत न्हाई. पन लागतं तवा शिकायला येळ नसतो."

हे ज्ञान त्यांना कसं झालं, ते पुढं त्यांच्याच तोंडून कळलं. साहेब मूळचे कवठे महांकाळकडचे. "आमच्या गावात पवायला पानी न्हवतं," ते सांगत. "प्यायलाच न्हवतं, तर पवायला कुठनं आनायचं?" कोल्हापूरला ते सैन्यात भरती व्हायला गेले. तिथं दोन रांगा होत्या. एक लांब होती आणि उन्हात होती. दुसरी आखूड आणि झाडाखाली. ते झाडाखालच्या रांगेत उभे राहिले, ती निघाली नौदलाची.

पुढं प्रशिक्षणात पोरांना एका मोठ्या तलावाच्या काठावर उभं केलं. उत्तरेकडचा धिप्पाड उस्ताद एकेकाला विचारत आला, "तैरना आता है?" साहेबांना हिंदीचा गंध नव्हता. त्यांना वाटलं, 'तयार हाय ना?' असं विचारतोय. त्यांनी छाती काढून सांगितलं, "जी साब." उस्तादानं त्यांना दिलं ढकलून.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? बांबूनं वडून काढला. वर आल्यावर परत इचारलं, तैरना आता है? म्या म्हनलं, साब, तयार हाय, पन पवता येत न्हाई."

एकदा विभागीय कार्यालयातून मोठे साहेब तपासणीला आले. गृहस्थ तोलामोलाचे, बोटात खड्यांच्या अंगठ्या. हणमंतनं रीतीप्रमाणे सगळ्यांपुढं निम्मे कप ठेवले. मोठ्या साहेबांनी कपात डोकावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "कांबळे, उंब्रजला दुधाची टंचाई आहे का हो?"

हणमंतनं धावत जाऊन त्यांच्यासाठी भरलेला कप आणला. आमच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी असे. मोठे साहेब काहीतरी दाखवायला कोपर टेकून पुढं वाकले, पुठ्ठा सटकला आणि टेबल एका बाजूला कललं. सगळे निम्मे कप जागच्या जागी डचमळून थांबले. भरलेला तेवढा मोठ्या साहेबांच्या पांढऱ्या पँटवर गेला.

आम्ही सगळे छताकडे बघू लागलो. कांबळेसाहेबांनी खिशातून घडीचा रुमाल काढून पुढं केला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. पण इतक्या हळू आवाजात, की ते सांत्वनच वाटलं.

साहेबांचं घर बँकेच्या मागच्या आळीत. दुपारी जेवायला ते घरी जात, आणि मला डबा नसला तर मलाही बोलावत. खोलीत बुद्धाची मूर्ती, शेजारी हवेचा दाब दाखवणारं पितळी यंत्र, आणि प्रत्येक कपाटाला बाहेरून कडी. टेबलावर ओलं फडकं अंथरून त्यावर ताटं ठेवायची अशी पद्धत. ताट घसरू नये म्हणून.

"आवं, हितं काय हालतंय?" हौसाकाकू विचारत.

"हालल्यावर इचारशील."

काकू हसून फडकं पिळून आणत. त्या फार बोलत नसत, पण बोलल्या की नेमकं. त्यांनीच मला एकदा सांगितलं, की सुजाता, त्यांची एकुलती एक लेक, लहान असताना साहेब सुट्टीवर घरी आले. चार दिवस पोरगी दाराआडून बघत राहिली. पाचव्या दिवशी तिनं आईला विचारलं, "ह्यो मामा कवा जानार?"

साहेब तेव्हा अंगणात दाढी करत होते. त्यांना ते ऐकू गेलं. "गालाला साबन तसाच वाळला," काकू म्हणाल्या. त्यानंतर जहाजावरची मुदत वाढवून मिळत असताना त्यांनी ती घेतली नाही. बँकेतही लांबच्या बदलीची बढती आली, ती दोनदा परत केली. कारण विचारलं तर म्हणायचे, "दुपारचं जेवन घरी मिळत न्हाई तिकडं."

सुजाता मिरजेत परिचारिकेचं शिक्षण घेत होती. सुट्टीला आली की आमची दोघींची गट्टी जमे. शिक्षण संपलं आणि तिला उत्तरेकडं लष्कराच्या रुग्णालयात नोकरी मिळाली. शाखेत साहेबांनी स्वतः पेढे वाटले.

ती निघाली तो रविवार होता. निरोप द्यायला मीही मिरज स्टेशनवर गेले. साहेब एकदम कामाचे माणूस झाले होते. ट्रंकेला दोर बांधताना, "ही गाठ वडून सुटत न्हाई, आन् सोडायची म्हनलं तर एका बोटानं सुटती," असं त्यांनी लेकीला करून दाखवलं. पाण्याची बाटली भरली. डब्यातल्या एका फौजी कुटुंबाशी ओळख काढून दिली. गाडी हलली तेव्हा सुजाता रडत होती आणि साहेब खिडकीबरोबर चालत तिला सांगत होते, "डोळं पूस. सामान बघ आधी."

गाडी गेली. फलाट रिकामा झाला. हमाल निघून गेले तरी साहेब तिथंच, रुळांकडे बघत. आता त्यांच्या हाताला काही काम उरलं नव्हतं. मी आणि काकू बाकावर बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं ते आमच्याकडं आले.

"मी सुट्टी संपवून जायचो," ते काकूंना म्हणाले, "तवा तू हितंच हुबी असायचीस."

"व्हय."

"मला वाटायचं, हिचं बरं हाय. जायाचं तर मला हाय." त्यांनी रुळांकडं एकदा वळून पाहिलं. "गाडी गेल्यावर काय करायचीस गं तू?"

"काय करनार? पोरीला काखंला मारायची आन् गावची एसटी धरायची."

"रडायचीस?"

काकूंनी पदर सारखा केला. "एसटीत बसायला जागा मिळाली तर," त्या म्हणाल्या.

साहेबांनी काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि चालू लागले. स्टँडवर उंब्रजवरून जाणारी साताऱ्याची गाडी लागत होती आणि दाराशी ही गर्दी. आमचे शाखाधिकारी, पन्नाशी ओलांडलेले, इस्त्रीच्या शर्टातले, बाया-बापड्यांच्या धक्क्यातून वाट काढत गाडीच्या बाजूला गेले. टाचा उंचावून त्यांनी खिडकीतून रुमाल आत टाकला आणि काकूंसाठी खिडकीजवळची जागा धरली. त्यांना बसवलं, पिशवी मांडीवर दिली, आणि स्वतः शेजारी दांड्याला धरून असे उभे राहिले, की गाडीतल्या कुणालाच काकूंचा चेहरा दिसू नये.