नवमीच्या दानातलं ग्राफिक्स कार्ड

कॉम्प्युटर गेल्याचं कळलं त्या दिवशी दुपारपर्यंत वेणीमाधवांच्या घरी जेवढी माणसं येऊन गेली, तेवढी त्यांच्या पत्नी शरदिनीबाई गेल्या तेव्हाही आली नव्हती. एका अर्थी ते बरोबरच होतं. बाई गेल्यावर काय बोलावं ते कुणाला सुचत नाही. ग्राफिक्स कार्ड गेल्यावर प्रत्येकाला सुचतं.

सकाळी पडद्यावर रंगीत पट्टे आले, मग पडदा काळा झाला आणि पेटीतून जळका वास आला. पुतण्या केयूर आला, त्याने पेटी उघडली, नाक आत घातलं आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"काका, कार्ड गेलं. खतम."

"आणि आतलं?"

"डेटा सेफ आहे. टेन्शन मत लो. फक्त दिसणार नाही."

सुरक्षित आहे पण दिसणार नाही, ही अवस्था वेणीमाधवांना ओळखीची होती. शरदिनीबाईंच्या बाबतीत गोपीनाथशास्त्री दीड वर्ष त्यांना हेच सांगत आले होते.

हा कॉम्प्युटर मुळात मुलीचा, मालविकाचा. ती नोकरीला हैदराबादला गेली आणि ही काळी, निळ्या दिव्यांची पेटी तिच्या गेमच्या स्टिअरिंगसकट मागे ठेवून गेली. शरदिनीबाई ती रोज पुसत. एकदा पुसता पुसता बटण दाबलं गेलं आणि समोर एक ट्रक उभा राहिला. त्या दिवसापासून, ज्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं, त्या हिंदी मुलखातल्या दुर्गाघाटाच्या गल्लीत बसून साठी उलटलेली ही बाई कुठल्या तरी बर्फाळ देशात अठरा चाकी ट्रक चालवू लागली. चातुर्मासात घरात कांदा येऊ न देणाऱ्या शरदिनीबाई वीस वीस टन मासळी बंदरातून शहरात नेऊन पोचवत. वेणीमाधवांनी एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "अहो, आपण खातोय थोडीच? पोचवायची फक्त."

वेणीमाधव रेल्वेत गार्ड होते. आयुष्यभर शेवटच्या डब्यातून हिरवा झेंडा दाखवला. गाडी चालवणं हे पुढच्या माणसाचं काम. घरातही तेच चाललं. शरदिनीबाई स्टिअरिंगवर बसत आणि विचारत, "निघू का?" वेणीमाधव पेपरातून मान वर न करता हात हलवत. मग ट्रक हले.

शेवटच्या दिवशी बाईंना बसल्या जागी धाप लागली. त्यांनी ट्रक शिस्तीत रस्त्याच्या कडेला घेतला, दिवे लावून ठेवले आणि म्हणाल्या, "आल्यावर निघू." दवाखान्यातून त्या आल्या नाहीत. तेव्हापासून वेणीमाधव रोज सकाळी कॉम्प्युटर लावत. ट्रक कडेला उभा असे, काचेवरचा वायपर हलत असे. थोडा वेळ बघून ते बंद करत. चालवायचा प्रश्नच नव्हता. ते गार्ड होते.

आता तेही बंद झालं होतं.

मालविकाचा फोन आला. "बाबा, तो डबा टाकून द्या. इकडे या माझ्याकडे. इथे टीव्ही आहे मोठा."

"टीव्हीत ट्रक आहे का?"

"बाबा!"

"मग राहू दे."

केयूर मात्र पेटून उठला होता. केयूर बँकेत होता, पण त्याचं मन तिथे नव्हतं. ते ग्राफिक्स कार्डांत होतं. त्याच्या घरी बायकोने असल्या खरेदीवर बंदी घातली होती, त्यामुळे दुसऱ्याच्या खरेदीत तो जीव ओतत असे.

"काका, एंट्री लेव्हल घेऊ नका, पछताल. टॉपचं घेऊ नका, फुकट जातं. मिड-रेंज. मिड-रेंजमध्येच सगळा खेळ आहे. आठ जीबी आता चलत नाही, बारा पाहिजे. सोळा मिळालं तर पुढची पाच वर्षं बघायला नको."

"पाच वर्षं मी तरी कुठे बघतोय?"

"फ्यूचर-प्रूफ म्हणतात त्याला."

एकाहत्तराव्या वर्षी आपल्या भविष्याची कुणीतरी इतकी काळजी करतंय याचं वेणीमाधवांना बरं वाटलं. आपल्याला फक्त एक थांबलेला ट्रक बघायचा आहे, त्याला बारा काय नि सोळा काय, हे त्यांनी सांगून पाहिलं. केयूरने मोबाईलवर तीन लोकांची भांडणं दाखवली. तिघेही तीन वेगळ्या कार्डांबद्दल सांगत होते की हे न घेणारा मूर्ख. वेणीमाधवांना एवढं कळलं की काहीही घेतलं तरी आपण दोघांच्या मते मूर्ख ठरणार, आणि त्यांचा जीव हलका झाला.

पितृपक्ष लागला होता. केयूरने काकांना नेलं ते दुकान ओस पडलं होतं. दुकानदाराने दोघांना असं बसवलं, जसे काही जावईच आले.

"अंकल, गेम कौन खेलता है? आप?"

"नहीं, पत्नी."

"तो आंटी को ले आइए, स्क्रीन पर दिखा देंगे."

"वो नहीं आ सकतीं."

"घुटने का प्रॉब्लम?"

"वैसा ही समझिए," वेणीमाधव म्हणाले.

दुकानदाराला वाईट वाटलं. त्याने एक माऊस पॅड फुकट दिलं.

बारा जीबीचं, तीन पंख्यांचं कार्ड आलं. खोक्यावर जळत्या डोळ्यांचा एक राक्षस छापला होता. जुनी पेटी त्याला वीज पुरवू शकत नाही म्हणून नवा पॉवर सप्लायही घ्यावा लागला. केयूर म्हणाला, "रविवारी बसवतो." आणि बँकेत निघून गेला.

रविवारच्या आधी गोपीनाथशास्त्री आले. शास्त्री शेजारी राहत. दुर्गाघाटापासून अहिल्याबाई घाटापर्यंत मराठी यजमानांची श्राद्धं त्यांच्याकडे असत, आणि या पंधरवड्यात त्यांच्या पायांना उसंत नसे. वर्षश्राद्धाआधी अविधवा नवमी करत नाहीत, म्हणून येणारी नवमी ही शरदिनीबाईंची पहिलीच. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी एक सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची, साडी द्यायची. तेच ठरवायला ते आले होते. त्यांची नजर खोक्यावर गेली.

"अरे वेणीमाधवा, हे काय? पितृपक्षात नवी वस्तू? आणि हा कोण, राक्षस?"

"कार्ड आहे. कॉम्प्युटरचं."

"चालत नाही. परत कर."

"घेत नाहीत परत."

शास्त्री पाटावर बसले, डोळे मिटले. शास्त्रातून वाट काढणं हा त्यांचा हातखंडा होता. "बरं, कोणासाठी आणलंयस?"

"शरदिनीसाठी," वेणीमाधव म्हणाले. ते खरंच होतं.

शास्त्रींनी डोळे उघडले. "सुटलास! पितरांसाठी आणलेल्या वस्तूला दोष नाही. फक्त एक करायचं. नवमीला पाटावर ठेवायची."

"पाटावर? म्हणजे द्यायची?"

"नाही रे. नुसती ठेवायची. तिची नजर पडली की झालं. मग उचल आणि घाल तुझ्या डब्यात."

पंधरवड्यात मराठी सवाष्ण मिळणं हे ग्राफिक्स कार्ड मिळण्यापेक्षा अवघड होतं. ब्रह्माघाटाच्या सगळ्या बायका आधीच ठरलेल्या. एकीला तर दोन घरची पुरणपोळी होती. शेवटी रेल्वे कॉलनीतली नीरजा मिळाली. नागपूरची, नवरा रेल्वेत, स्वतः विद्यापीठात काहीतरी कॉम्प्युटरचं शिकवायची. तिच्या शिक्षणाकडे शास्त्रींचं लक्ष नव्हतं. कुंकू आहे आणि सकाळी मोकळी आहे, एवढं त्यांना पुरलं.

नवमीला पाटावर साडी ठेवली, खण ठेवला, नारळ, बांगड्या, फणी ठेवली आणि बाजूला जळत्या डोळ्यांचा राक्षस. शास्त्रींना अजून तीन घरं गाठायची होती. "डोळे मिट, तिचं स्मरण कर," ते म्हणाले. वेणीमाधवांनी डोळे मिटले. त्यांना ती स्टिअरिंगवर बसलेली दिसली. ती विचारत होती, निघू का. ते त्यातच राहिले.

इकडे शास्त्रींचं तोंड चालू झालं होतं, आणि ते एकदा चालू झालं की शास्त्रींच्याही हातात नसे. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी वेणीमाधवांचा हात धरला, त्यावर पळीभर पाणी घातलं आणि पाटावरच्या समस्त वस्तू सवाष्णीला अर्पण करून टाकल्या.

"घे बाई, पदरात घे."

"गुरुजी, हेसुद्धा?" नीरजाने खोक्याकडे बोट दाखवलं. "हे काय आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

"पाटावर आहे ना? मग तुझंच. नाही म्हणू नये."

"पण हे..."

"बाई, पितर ताटकळतात. घे."

वेणीमाधवांनी डोळे उघडले तेव्हा नीरजा खोकं पिशवीत घालत होती. ते काहीतरी म्हणायला गेले, पण हातावरून पाणी अजून ओघळत होतं आणि शास्त्री चपला घालून दुसऱ्या घराच्या वाटेला लागले होते.

संध्याकाळी त्यांना गाठलं.

"नुसतं ठेवायचं म्हणाला होतास!"

शास्त्री आधी चपापले, मग कपाळाला हात लावला. "अरे देवा. पाणी सोडलं का मी?"

"माझ्याच हातावरून."

"मग गेलं."

"मागून आणतो."

"दिलेलं मागायचं? बाईच्या नावाने दिलेलं?"

"मग विकत घेतो तिच्याकडून."

"ते तर त्याहून वाईट! साडी कधी विकत घेतलीस का परत?"

केयूर आला आणि जमिनीवरच बसला. "काका, बारा जीबी! बारा जीबी पुरणपोळीबरोबर दिलं?" त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. काकू गेली तेव्हा तो इतका हलला नव्हता. "मी फोन करतो तिला. बोल देता हूँ, गलती हो गई."

"काही करायचं नाही," वेणीमाधव म्हणाले. "शरदिनीच्या नावाने दिलंय."

मालविकाचा फोन आला, कारण केयूरने तेवढ्यात तिला कळवलं होतं. "बाबा, तुम्ही आईच्या श्राद्धात ग्राफिक्स कार्ड दिलंत?"

"हो."

"कोणाला?"

"तत्त्वतः तुझ्या आईला."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि तो हसण्याचाच आहे का हे वेणीमाधवांना नीट कळलं नाही. "ठीक केलंत, बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शास्त्री वेणीमाधवांकडे चहा पीत बसले होते. अपराधी वाटलं की ते चहा प्यायला येत. तेवढ्यात नीरजा दारात उभी. हातात तीच पिशवी.

"काका, काल मी हे उचललं तेव्हा तुमचा चेहरा बघितला मी. कुणासाठी होतं हे?"

वेणीमाधवांनी ट्रकचं सांगितलं. सगळं नाही, एवढंच की ट्रक वाटेत उभा आहे.

तिने खोकं टेबलावर ठेवलं. शास्त्री ताडकन उठले. "परत द्यायचं नाही हं, बाई! दोघांना दोष."

"परत कोण देतंय, गुरुजी? माझं आहे ते. तुम्हीच म्हणालात." ती पेटीजवळ खाली बसली आणि स्क्रू काढू लागली. "माझ्या घरी ठेवायला जागा नाही. काकांकडे ठेवतेय. कॉम्प्युटर त्यांचा, कार्ड माझं. ह्याला दोष आहे का?"

शास्त्रींनी डोळे मिटले. बराच वेळ शोधलं. "नाही," ते शेवटी नाराजीने म्हणाले.

कार्ड पेटीपेक्षा बोटभर लांब निघालं. पाच वर्षांपुढचं बघणाऱ्या केयूरने पेटी मोजली नव्हती. त्याला फोन केला तर म्हणाला, "अरे हो, लंबाई." शेवटी नीरजाने पेटी आडवी पाडली, कपाटातला नवा पॉवर सप्लाय जोडला, पुढचा पत्रा काढून टाकला आणि कार्डाचं टोक बाहेर डोकावत ठेवलं. बटण दाबलं. तिन्ही पंखे फिरले. शास्त्रींनी अंगावरचं उपरणं सारखं केलं.

ट्रक आला. तसाच, कडेला. पण इतकं स्वच्छ वेणीमाधवांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. काचेवरचा एकेक थेंब दिसत होता. आणि काचेच्या आत, वरच्या बाजूला, इतकी वर्षं जो पिवळा डाग दिसत होता, ती झेंडूची माळ होती. शरदिनीबाईंनी त्या बर्फाच्या देशात कुठून तरी झेंडूची माळ शोधून ट्रकला घातली होती आणि त्यांना सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि ते पेपर वाचत होते.

शास्त्रींना गप्प बसवेना.

"माल काय आहे रे?"

"मासळी."

"शिव शिव! काल नवमी झाली या घरात!"

"आपण खातोय थोडीच?" वेणीमाधव म्हणाले. "पोचवायची फक्त."

नीरजाने स्टिअरिंगला हात लावला आणि मागे वळून बघितलं. "निघू का, काका?"

वेणीमाधवांनी हात उचलला, आणि तो तसाच खाली ठेवला. "आज धुकं आहे," ते म्हणाले.

नीरजा आता अधूनमधून येते, आपलं कार्ड बघायला म्हणून. चहा होतो. केयूर येतो आणि फिरते पंखे बघून सुस्कारे टाकतो. शास्त्री येतात आणि मासळीला नावं ठेवतात. नीरजा दर वेळी विचारते, निघू का, आणि दर वेळी तिथे कधी बर्फ पडत असतं, कधी अंधार झालेला असतो, कधी पुढे घाट असतो. एकदा तर लख्ख ऊन होतं. तेव्हा वेणीमाधव म्हणाले, चहा निवतोय.

वीस टन मासळी अजून पोचवायची राहिली आहे.