तिसावं पुस्तक

"माझी पुस्तकं कुठायत?" इरज आगांनी विचारलं.

इराणी वर्षाचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहा वाजून तेवीस मिनिटांनी जुनं साल संपून नवं लागणार होतं, आणि त्यांच्या पत्नी मलिहेखानम गेले पंधरा दिवस घर झटकत होत्या. पडदे धुऊन झाले होते, दिव्यांच्या काचा चकाकत होत्या, आणि खुद्द इरज आगांना दोन वेळा उठवून त्यांच्याखालची जागा पुसून घेण्यात आली होती. गच्चीवर गालिचा झोडपून ते खाली आले, तर रेडिओच्या वरची फळी रिकामी होती आणि तिला सिरक्याचा वास येत होता.

"दिली," मलिहेखानम शिडीवरूनच म्हणाल्या.

"दिली म्हणजे?"

"म्हणजे परत केली, ज्याची त्याला. काल टॅक्सी करून अकरा घरं फिरले. लोकांच्या वस्तू घरात ठेवून नवं साल लावायचं का? माझ्या आईने शेजारणीची चाळणीसुद्धा कधी नवरोजच्या पलीकडे जाऊ दिली नाही."

"अगं, पण मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."

हे खरं असणार. इरज आगा दिवसातून साठेक वेळा तरी 'हं' म्हणत, आणि त्यातले पाच-सहा विचार करून म्हटलेले असत.

या सगळ्याचं मूळ गेल्या नवरोजमध्ये होतं. केरमानच्या पाणीपुरवठा कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना चार महिने झाले होते, आणि ते खिडकीत बसून रस्त्यावरच्या गटारांचा उतार बरोबर आहे की नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत. शेवटी मलिहेखानम वैतागून म्हणाल्या, "कशात तरी जीव रमवा हो!" तेव्हा भरल्या घरात, पाहुण्यांच्या देखत इरज आगांनी जाहीर केलं, की यंदा तीस पुस्तकं वाचणार. दुसऱ्याच दिवशी फ्रिजवर तीस चौकोनांचा कागद लागला. पुस्तक संपलं की चौकोनात पेन्सिलने बरोबरची खूण करायची आणि फोनवरच्या 'आमची गल्ली' या त्रेचाळीस जणांच्या गटात अभिप्राय टाकायचा.

पुस्तकं याच त्रेचाळीस जणांकडून उसनी आणलेली, तेव्हा अभिप्राय काय असणार! 'अप्रतिम.' 'डोळे पाणावले.' 'एका बैठकीत संपवलं.' केरमानचा माणूस दुसऱ्याच्या घरचं आळणी कालवणही तोंड भरून वाखाणतो. पण इरज आगांना एक खोड होती. बत्तीस वर्षं हाताखालच्या लोकांचे अहवाल तपासल्यामुळे हातात पेन्सिल नसली तर त्यांच्या डोक्यात अक्षर शिरत नसे. त्यामुळे खरा अभिप्राय पुस्तकाच्या समासात पडत गेला. 'पाल्हाळ.' 'पुरावा?' 'पुन्हा मोजा.' परत देताना सगळं खोडायचं, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी घेतलेलं खोडरबर वर्षभर कोटाच्या खिशात होतं. वापरायचं तेवढं राहून गेलं होतं.

"मोईनी साहेबांचंही दिलंस?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"सगळ्यात आधी तेच दिलं."

इरज आगा ओल्या फरशीवर खालीच बसले.

मोईनी साहेब निवृत्त भूगोल शिक्षक होते आणि बेहरादचे वडील होते. या बेहरादशी इरज आगांच्या मुलीचं, अफसूनचं, लग्न ठरत आलं होतं. दोघांचं आपापसात कधीच ठरलं होतं. वडीलधाऱ्यांच्या दोन बैठका झाल्या होत्या आणि उद्या, नवरोजच्या भेटीला आल्यावर, मोईनी मंडळी शेवटचा होकार देणार होती. दुसऱ्या बैठकीत साहेबांनी चारशे अठरा पानांचं आपलं आत्मचरित्र इरज आगांच्या हातात ठेवलं होतं. "शेवटची प्रत उरली आहे. पण तुम्ही वाचणारे. सावकाश द्या."

इरज आगांनी फोन लावला.

"साहेब, आमच्या घरून पुस्तक जरा घाईने परत आलं. मला ते पुन्हा एकदा वाचायचं होतं."

"पुन्हा?" पलीकडून प्रश्न आला. "या. वाट बघतो." आणि फोन बंद झाला.

इरज आगांनी फोन कानाजवळून खाली घेतला. घरच्यांची खुशाली नाही, 'आपले पाय आमच्या डोळ्यांवर' नाही, 'आपली सावली कमी न होवो' नाही. केरमानमध्ये माणूस नुसता 'या' म्हणतो तो दोनच वेळी, आजारी असताना नाहीतर रागावलेला असताना. मोईनी साहेबांची तब्येत तर ठणठणीत होती.

ते कोट चढवून बाहेर पडले. अफसूनने गाडी काढली, आणि मलिहेखानमनी खजूर भरलेल्या ताज्या कोलोम्पे बिस्किटांचा डबा मांडीवर ठेवून दिला. रस्त्यात फोन वाजू लागला. 'आमची गल्ली' जागी झाली होती.

"वाच ना, बाबा," अफसून म्हणाली.

"औषधवाल्यांची बायको विचारते आहे, माझ्या कादंबरीच्या एकोणिसाव्या पानावर, नायिकेच्या नावापुढे, 'हिला काहीतरी कामधंदा द्या' हे कुणी लिहिलं?"

"कुणी लिहिलं?"

"मी."

पुन्हा फोन वाजला. "बेकरीवाले म्हणतात, त्यांच्या आजोबांच्या प्रवासवर्णनात 'हे घरी बसून लिहिलंय' असं लिहिलंय."

"बाबा!" अफसूनने गाडीचा वेग कमी केला. "मोईनी काकांच्या पुस्तकात काय लिहिलंत?"

"थोडंसंच."

"किती थोडंसं?"

"बासष्ट पानं."

अफसूनने गाडी कडेला घेतली आणि ती वडिलांकडे वळून बसली. "सगळ्यात वाईट काय आहे, ते आत्ता सांगा. मला तिथे सगळ्यांसमोर कळायला नको."

इरज आगांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "पान तेवीस. ते म्हणतात, सायकलने दिवसाला नव्वद किलोमीटर जाऊन शाळा घ्यायचो. मी लिहिलं, पुन्हा मोजा."

"हे ठीक आहे. आणखी?"

"पान सत्तेचाळीस." ते थांबले. "चार मुलं झाली, बायको अजून एकदाही आलेली नाही. मग मुलं कुठून आली?"

अफसूनने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे, हे विचारायची इरज आगांना हिंमत झाली नाही. या पोरीने सात वर्षं दातांच्या डॉक्टरकीचा अभ्यास केला, एकदाही काही मागितलं नाही, आणि जे एक मागितलं ते बापाच्या पेन्सिलीने घालवलं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

मोईनींच्या दारात बेहराद उभा होता. आधी कुणी आत जायचं यावर नेहमी पाच मिनिटं चालायची. आज कुणीच कुणाला आग्रह केला नाही. सगळे सरळ आत गेले, आणि ते फारच वाईट दिसलं.

दिवाणखान्यात नवरोजसाठीचं हफ्तसीन मांडलेलं होतं. सफरचंद, लसूण, सिरका, उगवलेले गहू, आरसा, मेणबत्त्या आणि काचेच्या भांड्यात एक लाल मासा. आरशाशेजारी कुराण आणि जुन्या कवितांचं पुस्तक ठेवायची रीत आहे. मोईनी साहेबांनी त्या दोहोंच्या मध्ये आपलं आत्मचरित्र ठेवलं होतं. म्हणजे आता नवरोजचे तेरा दिवस ते तिथून हलणार नव्हतं, आणि तेरा दिवसांत अख्खं गाव नवरोजच्या भेटीला येऊन ते चाळणार होतं.

"बसा. चहा आणतो," साहेब म्हणाले आणि आत गेले. बेहराद आणि अफसून दाराशी काहीतरी कुजबुजू लागले.

इरज आगा उठले. त्यांनी पुस्तक उघडलं, खिशातून खोडरबर काढलं आणि थेट सत्तेचाळिसावं पान गाठलं. बत्तीस वर्षं दाबून लिहायची सवय, त्यामुळे पेन्सिल कागदात रुतलेली. ते जोर लावून खोडू लागले. रबराचा चुरा माशाच्या भांड्यात पडला आणि माशाने तो चटकन खाल्ला. "थूक, थूक!" ते माशाला म्हणाले. माशाने आणखी एक तुकडा गिळला. ते एका हाताने चुरा वेचू लागले आणि दुसऱ्या हाताने खोडू लागले.

"इरज आगा, सत्तेचाळिसावं पान खोडलंत?"

मोईनी साहेब चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते.

"छे, छे, मी जरा धूळ..."

"खोडलंत का?"

"हो."

"मग पेन्सिल घ्या आणि पुन्हा लिहा. जसंच्या तसं. ते वाक्य गेलं तर फरंगीस नवं साल माहेरी जाऊन लावणार आहे."

इरज आगांना काही उमगेना. साहेबांनी ट्रे ठेवला, समोर बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, "काल तुमच्या घरून पुस्तक आलं. मी उघडलं आणि संतापलो. इतका, की फरंगीसला ओरडून ओरडून वाचून दाखवलं. तेवीस, एकतीस, सत्तेचाळीस. सत्तेचाळीसला ती इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. सायकलचं म्हणाल तर नव्वद नव्हते. पस्तीस होते."

"पस्तीससुद्धा पुष्कळ झाले, साहेब."

"ते राहू द्या. मला एकच सांगा. बासष्टनंतर पेन्सिल कुठेच नाही. पुढची साडेतीनशे पानं कोरी. का?"

उत्तर जिभेवर तयार होतं. इतका रंगून गेलो, की हातातली पेन्सिल गळून पडली! केरमानच्या कुठल्याही माणसाने तेच दिलं असतं, आणि केरमानच्या कुठल्याही माणसाने ते मान हलवून घेतलं असतं. इरज आगांनी दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"झोप लागली," ते म्हणाले. "मग राहून गेलं. मग शेवटचं पान वाचलं आणि चौकोनात खूण केली."

"गटात तर लिहिलंत, एका बैठकीत संपवलं."

"खोटं लिहिलं. मला लाज वाटते त्याची. तुम्हाला काही बोलायचं असेल तर मला बोला, पोरीचा यात काही दोष नाही."

मोईनी साहेबांनी नजर माशाकडे वळवली. त्यांचा चेहरा पडला होता, आणि ते इरज आगांना बघवेना. मग साहेबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "फरंगीस! बासष्ट!"

"अगं बाई, बासष्ट?" फरंगीसखानम हात पुसत बाहेर आल्या. "मी तर चाळीसला थांबले. म्हटलं, आता येईन, मग येईन. वाट बघून कंटाळले, आणि आलेच नाही."

"माझा सख्खा भाऊ बावीसवर," साहेब म्हणाले. "काल मी एकेकाला फोन करून विचारलं, तिसऱ्या प्रकरणात कोण मरतं ते सांगा. एकालाही येईना. सगळ्यांनी मला एका बैठकीत संपवलं म्हणून सांगितलेलं. आणि हा आमचा पोटचा मुलगा! हा प्रस्तावनेत आहे."

"बाबा, मी पुढे वाचणारच होतो," बेहराद पुटपुटला.

"सर्वांत लांब तुम्ही आलात, इरज आगा. शिव्या घालत आलात, पण आलात."

फरंगीसखानमनी अफसूनचा हात धरून तिला पुढे आणलं. "उद्याची वाट कशाला बघायची? चाळीस वर्षांत, ही बाई कुठाय, असं विचारणारा हा पहिला माणूस. याची मुलगी मला हवी. आमचा होकार आजच."

इरज आगांनी पेन्सिल घेतली. त्यांनी खाली वाकून सत्तेचाळिसाव्या पानावर ते वाक्य पुन्हा लिहिलं. फरंगीसखानमनी ते नीट उतरलं आहे की नाही हे तपासून पाहिलं.

सहाच्या सुमाराला बापलेक घरी पोचली. मलिहेखानम नवे कपडे घालून हफ्तसीनसमोर बसल्या होत्या. अफसूनने आत येताच त्यांना मिठी मारली आणि दोघी एकदमच बोलू लागल्या. इरज आगा फ्रिजसमोर गेले. खिशातून खोडरबर काढलं आणि तिसाव्या चौकोनातली खूण खोडली.

"काय करताय? साल लागतंय!" मलिहेखानम ओरडल्या.

"आलो." त्यांनी गटात लिहिलं, 'यंदा एकोणतीस. मोईनी साहेबांचं पुस्तक फक्त बासष्ट पानं वाचलं आहे. समासातलं अक्षर माझं. सर्वांची माफी मागतो.'

मग औषधवाल्यांच्या बायकोचा निरोप आला. 'पान एकोणीसचं पटलं. मीही तिथेच सोडलं होतं.' बेकरीवाल्यांनी लिहिलं, 'आजोबा खरंच कधी कुठे गेले नव्हते.' सहा वाजून तेवीस मिनिटांनी रेडिओवर तोफ धडाडली, तिघांनी एकमेकांचे गाल चुंबले, आणि त्याच गडबडीत मोईनी साहेबांचा निरोप आला. 'नवं साल मुबारक. फरंगीस आता बाराव्या पानापासूनच येते आहे. पुस्तक सहाशे पानांचं होईल. पेन्सिल तासून ठेवा.'

मलिहेखानमनी नवा कोरा कागद आणि पट्टी पुढे केली. "यंदा किती चौकोन? चाळीस?"

इरज आगांनी पट्टी घेतली आणि एकच चौकोन काढला. तो मात्र अख्ख्या कागदाएवढा काढला.