अपमान, दिवसातून तीन वेळा

पुरुष वॉर्डातल्या धाकट्या सिस्टरचा अपमान रोज सकाळी आठ वाजता, ड्यूटी बदलताना, तीस रुग्णांच्या साक्षीने होत असे. ते काम इनचार्ज सिस्टर जातीने करत, कधी दुसऱ्यावर ढकलत नसत. "तुला परीक्षेत पास कुणी केलं गं?" इथून सुरुवात व्हायची आणि खानदानापर्यंत मजल जायची. रुग्णालयाची पद्धतच होती ती, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. पण धाकटीचे हात थरथरू लागले. थरथरत्या हाताला शीर सापडत नाही, आणि शीर सापडत नसेल तर नर्सची नोकरी किती दिवस टिकणार? तिने दुसऱ्या वॉर्डात बदली मागितली. बस, एवढंच मागणं.

अर्ज नव्याने स्थापन झालेल्या कर्मचारी मनःस्वास्थ्य कक्षाकडे वरिष्ठांमार्फत, म्हणजे इनचार्ज सिस्टरच्याच हातून जायचा होता. त्यांनी तो, सोबत जोडलेल्या अपमानांच्या वारवार यादीसकट, चष्मा लावून वाचला.

"मंगळवारी दोनदा बोलले होते तुला. इथे एकदाच लिहिलंयस."

"राहिलं, सिस्टर."

"अर्धवट नोंदी करतेस, म्हणून तर बोलावं लागतं." त्यांनी राहिलेला मंगळवार स्वतःच्या हाताने भरला आणि सही ठोकली. वर धाकटीच त्यांचे आभार मानून आली. काय करणार बिचारी!

कक्षाने तीन बैठका घेतल्या. बदली अशक्य, कारण दुसऱ्या वॉर्डातही हेच चालतं. शिवाय वीस वर्षांची सवय एकदम तोडली, तर इनचार्ज सिस्टरच्या मनःस्वास्थ्याला धोका. तेव्हा अपमान हळूहळू कमी करावा असं ठरलं. आदेश अधीक्षकांनी काढला. ते मूळचे डॉक्टर, हाताच्या सवयीने लिहून गेले: "थोडा थोडा, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर."

डॉक्टरांचा लेखी आदेश म्हणजे इनचार्ज सिस्टरना ब्रह्मवाक्य. धाकटीच्या नावाचा तक्ता भिंतीवर लागला: वेळ, मात्रा, देणाऱ्याची सही. सुट्टीच्या दिवशीची मात्रा इनचार्ज सिस्टरनी घरी फोन करून दिली. ती अंघोळीला गेली होती, म्हणून बाबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. जेवणानंतर वाचून दाखवताना ते मधल्या ओळी गाळू लागले.

"पूर्ण वाचा, बाबा," ती म्हणाली. "राहिला तर उद्या दुप्पट मिळेल."

महिन्याने कक्षाने तक्ता तपासला. रजा नाही, रडणं नाही, उलट उत्तर नाही. शेरा पडला: "उपचार चांगले सहन होत आहेत. चालू ठेवावेत." हातांसाठी तक्त्यात रकानाच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी नऊ नंबरच्या खाटेवर सलाईन लावायचं होतं. पहिली सुई चुकली. दुसरीही चुकली. रुग्णाचा मुलगा उसळला. शिकलासवरला माणूस, पण तोंड सुटलं ते सुटलंच: पगार कशाचा घेता, लाज कशी वाटत नाही, तुमची नोकरीच घालवतो. धाकटी मान खाली घालून तिसरी शीर शोधत राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी रुग्णाच्या मनगटावर पडलं, ते त्या म्हाताऱ्याने गुपचूप पुसलं.

इनचार्ज सिस्टरनी घड्याळ पाहिलं आणि तक्ता काढून मुलापुढे धरला.

"दुपारचा तुम्ही दिलात. इथे सही करा."

त्याने रागाच्या भरात न वाचताच सही केली. खोटं वाटत असेल तर वॉर्डात जाऊन बघा. वडिलांना भरती केलं होतंत ना तुम्ही? तेव्हाचीच आहे ती सही, तुमची.