आजोबांनी केलेली राजसेवा

मी बायकोला, प्रतिमाला, ठणकावून सांगितलं होतं, "शनिवारी मी लिंडाकडे जाणार नाही. इंग्लंडच्या राजाला मुकुट घालतायत, त्यासाठी मिशिगनमधल्या माणसाने सकाळी आठला केक का खायचा?"

"मग तसं नीट कळव तिला," प्रतिमा म्हणाली. "शेजारीण आहे."

मी नीटच कळवलं. माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत पकडले गेले, दोन वर्षं नागपूरच्या तुरुंगात होते. एवढं सगळं टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून इंग्रजीत इतकंच लिहिलं, की या राजाच्या आजोबांच्या काळात माझ्या आजोबांनी दोन वर्षं 'सर्व्ह' केली, तेव्हा हा समारंभ मला जड जातो.

सर्व्ह केली म्हणजे शिक्षा भोगली. लोक त्याचा अर्थ सैन्यात नोकरी केली असा घेतात, हे अठरा वर्षं ॲन आर्बरमध्ये काढल्यावर मला सुचायला हवं होतं.

शनिवारी सव्वाआठला बेल वाजली. दारात लिंडा, डोळे पाणावलेले.

"सुमंत, तुझं मन भरून येणारच. पण आज एकट्याने बसायचं नाही."

तिने मला हाताला धरून नेलं. पुठ्ठ्याचे मुकुट घातलेले वीसेक शेजारी उठून उभे राहिले. मला टीव्हीसमोरची खुर्ची मिळाली, डोक्यावर मुकुट चढला. लिंडाचे वडील, नव्वदीला टेकलेले माजी सैनिक, काठीच्या आधाराने उठले आणि त्यांनी मला चक्क सॅल्यूट ठोकला.

"आजोबा कुठे होते?"

"बराक नंबर चार," मी म्हणालो.

"बराकीतच माणूस घडतो," ते गहिवरून म्हणाले.

आता मात्र राहवेना. मी मुकुट काढला.

"ते सैनिक नव्हते. याच गादीविरुद्ध घोषणा दिल्या म्हणून तुरुंगात होते. तिथल्या मारात त्यांचा एक कान कायमचा गेला."

म्हातारबुवांनी जरा विचार केला.

"म्हणजे आमच्याच बाजूचे! आम्हीही याच गादीला हाकललं होतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात टीव्हीवर सोन्याची बग्गी आली, आणि वीसही माना तिकडे वळल्या. कुणीतरी माझ्या हातात केक ठेवला. मी खाल्ला.

घरी येऊन नागपूरला आईला फोन लावला. शेवटी वडील तिचे. तिला तरी कळेल.

"आई, आज इथे काय झालं माहितीये?"

"नंतर कर रे," आई म्हणाली. "दुपारपासून बसलेय, चहासुद्धा घेतला नाही. आता ते सगळे राजवाड्याच्या बाल्कनीत येतायत. राणीचा झगा बघितलास का?"

बघितला होता. छान होता, म्हणून सांगितलं.