रस्ता गाळणारे भरमाण्णा

लोक पाणी गाळतात, चहा गाळतात. आमचे शेजारी भरमाण्णा रस्ता गाळतात.

निपाणीबाहेर हायवेच्या सर्व्हिस रोडला ओढ्यावर एक लहानसा पूल आहे. आभाळ भरून आलं की सत्तरी ओलांडलेले अण्णा खराटा, सूप आणि एक पांढरं दुहेरी फडकं घेऊन तिथं हजर होतात. आधी सगळा पूल झाडतात, काळी धूळ सुपानं पोत्यात भरतात. मग पुलावरचं पाणी ज्या पाइपातून खाली पडतं, त्याच्या तोंडाशी फडकं धरून पावसाची वाट बघत बसतात. गस्तीच्या पोलिसांनी पहिल्यांदा हटकलं तेव्हा अण्णांनी त्यांना कानडीत बराच वेळ काय सांगितलं कोण जाणे, पण जाताना पोलीस आपल्याकडचं एक चमकणारं जॅकेट त्यांच्या अंगावर चढवून गेले. तेव्हापासून ट्रकवाले त्यांना सरकारी माणूस समजतात आणि रस्त्याचं काम कधी संपणार म्हणून विचारतात. अण्णा अगदी गंभीरपणे सांगतात, "न्हाय संपायचं."

अण्णांचं चाळीस वर्षं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. गुळगुळीत झालेलं टायर यंत्रावर घासायचं, त्याच्यावर नवं रबर चढवायचं आणि पुन्हा रस्त्याला लावायचं, हा धंदा. कुणी टाकून दिलेल्या टायरवर थाप मारून ते म्हणायचे, "जीव हाय तेच्यात अजून." माणसाच्या तोंडाआधी ते त्याच्या गाडीचं टायर बघायचे. पुतणीला बघायला चिकोडीची मंडळी आली, तर हे पोह्यांची बशी ठेवून बाहेर गेले, जीपभोवती एक फेरी मारली आणि भावाला बाजूला घेऊन म्हणाले, "टायर एकाच अंगानं झिजल्यात. गाडी एका बाजूला वढालीया ह्ये ज्याला कळंना, त्येला आपली पोर काय कळणार?" ती सोयरीक तिथंच बारगळली. पुतणी पुढं बेळगावात कॅम्पातल्या एका घरी दिली आणि सुखात आहे, त्यामुळं त्यांना कुणी काही बोलूही शकत नाही.

अण्णा पक्के जैन. "जीव हाय तेच्यात" हे टायरला, तसंच मुंगीला आणि डासालाही. आपल्या अंगावरचा डास ते फुंकर मारून उडवायचे आणि तो नेमका माझ्या मानेवर येऊन बसायचा. ग्रीसमध्ये अडकलेला किडा काडीनं सोडवताना गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी चालायचं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि मला त्यांची थट्टा करायची खोड होती. ती खोड कुठवर गेली ते आता सांगतो.

त्यांच्या पत्नी पद्माक्का त्यांच्याहून काकणभर जास्तच. पुलाखाली एक डोह आहे. काठावर क्षेत्रपालाचं बारकं देऊळ आहे, म्हणून तिथले मासे कुणी धरत नाही. घरात नळ आला तरी पूजेचं पाणी आक्का त्या डोहातूनच आणायच्या. काठावर बसून दुहेरी फडक्यातून गाळायच्या, मग फडकं उलटं करून त्यात अडकलेले बारीक जीव डोहात अलगद परत सोडायच्या. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात परत, असा त्यांच्यातला जुना नेम. जाताना मूठभर चुरमुरे टाकायच्या. आक्कांच्या पायाची चाहूल लागली की मासे पायरीशी गोळा व्हायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पुढं हायवे रुंद झाला, वाहनं वाढली. आठ-पंधरा दिवस कोरडे जाऊन एकदम सर आली की दुसऱ्या दिवशी डोहात मासे पोट वर करून तरंगायला लागले. जे जिवंत होते ते पाण्यावर तोंड काढून आ वासायचे. आक्कांनी याचं कारण शोधून काढलं. गुडघे धरले होते म्हणून त्यांनी एकदा फडकं घरी नेऊन नळाच्या पाण्यात विसळलं होतं आणि ते पाणी नंतर डोहात ओतलं होतं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास, त्यानंच डोह बिघडला असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. एका तांब्यानं डोह बिघडत नाही, हे मी त्यांना परोपरीनं सांगून पाहिलं. त्या मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "आसंल, सर. पर चूक तर झालीया न्हवं?"

मासे मेले की दुसऱ्या दिवशी आक्कांचा निर्जळी उपास. त्यांना साखरेचा आजार होता, डॉक्टर रागावले, अण्णांनी हात जोडले, पण त्या ऐकल्या नाहीत. शेवटच्या उपासाला त्या डोहाच्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या. पदरातले चुरमुरे पाण्यावर सांडले होते. आठ दिवस दवाखान्यात होत्या, त्या घरी परत आल्या नाहीत.

त्यानंतर अण्णांनी दुकान बंद केलं. संध्याकाळी माझ्या कट्ट्यावर येऊन बसायचे, बोलायचे नाहीत. त्यांना जरा बोलतं करावं म्हणून एक दिवस मी माझी जुनी खोड काढली. वर्गात सांगायला म्हणून काही वाचलं होतं, ते झाडलं. म्हटलं, अण्णा, तुम्ही डास मारत नाही, पण तुमच्या टायरनं मासे मारलेत. रबराला चिरा पडू नयेत म्हणून त्यात एक रसायन घालतात, त्याचं हवेत विष होतं. टायर झिजलं की ते धुळीतून रस्त्यावर पडतं, पावसानं ओढ्यात जातं, आणि परदेशातले काही मासे त्यानं काही तासांत आ वासून मरतात. मी आ वासून दाखवलासुद्धा.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "टायर घासल्याच्या भुग्यात बी असतंय?"

"भुग्यात तर असणारच," मी मास्तरी थाटात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते खराटा घेऊन पुलावर गेले.

महिनाभरानं मी त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात आक्कांच्या कळश्या, घागरी, हंडे ओळीनं मांडले होते, प्रत्येकावर झाकण. एक उघडून बघितलं, आत काठोकाठ काळी धूळ. पोती संपली म्हणून आता भांडी. एक पातेलं आणि एक ताट तेवढं त्यांनी स्वतःसाठी ठेवलं होतं.

"ज्या पान्यातलं त्या पान्यात सोडायचं, आसं ती म्हणायची," अण्णा म्हणाले. "ह्ये कुठल्या पान्यात सोडू, सर?"

मग त्यांनीच दुकानाचं सांगितलं. टायर घासून रोज ढीगभर भुगा पडायचा. बाकीचे दुकानदार तो पेटवून द्यायचे. अण्णांनी कधी पेटवला नाही, कारण भुग्यात मुंग्या असतात, किडे असतात. ते रोज दिवस मावळायच्या आत हलक्या हातानं पाणी मारून भुगा गटारात सोडायचे, जीव वाहून का होईना, वाचावेत म्हणून. ते गटार डोहात उतरतं.

"चाळीस वर्सं, सर. ती काठावर जीव सोडत हुती आनि मी वरनं..."

मी घाईघाईनं म्हणालो की ते मासे वेगळे, आपल्या माशांचं कुणी तपासलेलं नाही, डोहातले कशानं मेले याची कुणालाच खात्री नाही. मी हे सगळं खरंच सांगत होतो, फक्त ते सांगायला मला महिनाभर उशीर झाला होता.

अण्णांनी कळशीवरचं झाकण नीट बसवलं.

"तिला तरी कुठं खात्री हुती?" ते म्हणाले. "तरी उपास केलंच की तिनं. माझं उपास तिनं केलं, सर."

आता आभाळ आलं की मीही पुलावर जातो. फडक्याचं एक टोक अण्णा धरतात, एक मी. फडकं आक्कांचंच आहे, ते पांढरं होतं यावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही. झाडलेली धूळ डोहात जात नाही एवढं खरं. पण पाण्यात जे विरघळलं ते फडक्यातून सरळ खाली जातं, आणि हे मी विज्ञानाचा मास्तर असून त्यांना सांगितलेलं नाही. पाऊस थांबला की अण्णा वाकून डोहाकडं बघतात आणि मला विचारतात, सर, तुमची नजर चांगली हाय, काय हलालंय का बघा.

मी बघतो आणि हो म्हणतो.